झाडू आत येईपर्यंत

सॉल्ट फोर्कच्या मॅरेथॉनची कीर्ती म्हणाल तर एवढीच, की तिच्यात चढ नाही, उतार नाही आणि बघायला माणूस नाही. ऑल्डरच्या बंद पडलेल्या शाळेपासून निघायचं, नऊ नंबरच्या खडीच्या रस्त्याला लागायचं आणि गावातल्या जत्रेच्या मैदानापर्यंत सव्वीस मैल नाकासमोर धावत राहायचं. दोन्ही बाजूंना काटेरी तार, तारेपलीकडे गुरं. यासाठी शहरातले लोक चांगले पैसे भरून येतात. आमच्या लोकांना त्याचं हसू येतं, कारण हाच रस्ता ते जन्मभर फुकट तुडवत आलेत.

सगळ्यात शेवटच्या माणसामागे एक पिकअप चालते. तिच्या मागच्या फळीला एक झाडू उभा बांधलेला असतो, म्हणून ती झाडूची गाडी. ती सकाळी साडेसहाला निघते आणि ताशी चार मैलांच्या चालीनं दुपारी एकला मैदानात पोचते. ही गाडी ज्याला ओलांडून पुढे गेली तो बाद, त्यानं मुकाट्यानं आत येऊन बसायचं. पण गाडीनं ओलांडलं नाही, तर घड्याळात किती का वाजेनात, तो शर्यतीत असतो. झाडू आत येईपर्यंत शर्यत संपत नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे. वासरं भरायला आलेले ट्रकसुद्धा मैदानाच्या फाटकाशी खोळंबून राहतात आणि झाडू आत आला की मगच रस्त्याला लागतात.

ही गाडी नऊ वर्षं ऑरिन हॉगलंडकडे होती. वय बहात्तर, अंगानं काटकुळा, आणि शब्दाला इतका महाग की वाण्याकडे खिळे घ्यायला गेला तर बोटानं दाखवून आणील. त्याची पिकअप पहिल्या गिअरात तासन् तास रांगू शकायची, हे त्याला गाडी देण्याचं एक कारण. खरं कारण म्हणजे त्याच्याइतकं मागून चालणं पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हतं. लांबच्या कुरणातून थकलेली गाय घरी आणायची असली की लोक ऑरिनला बोलवायचे. तो आरडाओरडा करायचा नाही, हात उगारायचा नाही. तीस पावलं मागे राहायचा. गाय थांबली की थांबायचा आणि दुसरीकडे बघायचा, म्हणजे तिला वाटावं की आपल्यावर कुणाची नजर नाही. थकलेल्या जनावराच्या अंगावर गेलं की ते बसतं, आणि एकदा बसलं की उठत नाही, असं तो म्हणायचा. वर्षाकाठी त्याच्या तोंडून जी दहा-बारा वाक्यं बाहेर पडत, त्यांतलं हे एक.

यंदा त्याच्या पुढे शेवटची धावत होती ती त्याची बायको, मार्लिस.

हे सुरू झालं मे महिन्यात, संध्याकाळच्या जेवणाला. सासष्ट वर्षांच्या मार्लिसनं बटाट्याचं भांडं टेबलावर ठेवलं, पदार्थ कसा झालाय ते सांगावं तशा आवाजात बोलायला लागली आणि सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

"सप्टेंबरात मी मॅरेथॉन धावणार आहे. पुरी झाली तर त्याच दिवशी आर्दिसबरोबर बिलिंग्जला जाईन. कायमची. नाही झाली तर इथेच राहीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. सव्वीस मैल एकटीनं जाता आलं, तर पुढचंही एकटीनं जमेल."

आर्दिस म्हणजे तिची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून बिलिंग्ज शहरात एकटीच राहत होती.

ऑरिननं तोंडातला बटाटा गिळला, "बरं" म्हणाला आणि पंप बघायला गेला. पंपाला काहीएक झालेलं नव्हतं. तो तिथे वीस मिनिटं उभा राहिला. जाऊ नकोस, एवढेच दोन शब्द त्याच्या घशाशी आले होते. पण फाटकाकडे तोंड करून उभ्या असलेल्या जनावरावर धावून गेलं की ते तार तोडून जातं, हे त्याला ठाऊक होतं. सोडून दिलं तर कधी कधी आपणहून परत फिरतं. त्यानं सोडून दिलं. चव्वेचाळीस वर्षं त्यानं तिच्याशी हेच केलं होतं आणि ते मायेनं केलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

उन्हाळाभर ती धावत होती. आधी टपालपेटीपर्यंत, मग पाणवठ्यापर्यंत, जुलैत थेट व्हर्जिलच्या कुंपणापर्यंत. ऑरिनला ट्रॅक्टरवरून ती रस्त्यावर ठिपक्याएवढी दिसायची. ठिपका थांबला की याचा ट्रॅक्टर थांबायचा. दुसऱ्या आठवड्यापासून तो पहाटे जाऊन कुंपणाच्या खांबांशी, सावली राहील अशा बाजूला, पाण्याची बाटली ठेवून यायला लागला. दर तीन मैलांना एक. संध्याकाळी रिकाम्या बाटल्या गोळा करायचा. याबद्दल तो बोलला नाही, तीही बोलली नाही. अळीमिळी गुपचिळी.

शर्यतीच्या आदल्या दिवशी डोना पेटझोल्ड घरी आली. ती शाळेत शिकवायची आणि शर्यतीचं सगळं तीच बघायची. मार्लिसच्या बेताची गोष्ट तोवर गावभर झाली होती, कारण आर्दिसला पोटात काही ठेवता येत नसे. झाडूची गाडी यंदा दुसऱ्या कुणाला द्यावी, असं डोनानं चाचरत सुचवलं. "तुम्हाला जड जाईल हो ऑरिन," म्हणाली. ऑरिननं मान हलवली. गाडी तो सोडणार नव्हता. दुसरा कुणी असता तर तिच्या मागून हॉर्न वाजवत चालला असता.

सकाळी साडेसहाला शाळेच्या आवारातून ब्याण्णव माणसं निघाली. सात वाजेपर्यंत एक्क्याण्णव पुढे गेली आणि रस्त्यावर उरली एक मार्लिस, तीस पावलं मागे पिकअप, आणि पिकअपमध्ये ऑरिन आणि टिक नावाचं कुत्रं. मार्लिसनं ऑरिनचाच जुना निळा शर्ट घातला होता, बाह्या कापून. पाठीवर आकडा होता सत्तावन्न. हातात घड्याळ होतं, पण ती त्याकडे बघत नव्हती. झाडूची गाडी मागे असली की घड्याळाची गरज लागत नाही.

गाडीच्या आतल्या ऑरिनची स्थिती मात्र इकडे आड तिकडे विहीर अशी होती. ती दमली, थांबली, तर ती घरी राहणार होती. म्हणजे बायकोचा पाय मुरगळावा असं त्यानं मनात म्हणायचं? आणि नाही म्हणावं तर ती जाणार. त्यानं दोन्ही म्हणून बघितलं. पहिलं म्हटलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली आणि दुसरं म्हटलं तेव्हा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग त्यानं काही न म्हणता नुसतं तिच्या टाचांकडे बघायचं ठरवलं. डावी टाच उजवीपेक्षा जरा जास्त धूळ उडवत होती.

तिनं काहीतरी बोलून दाखवलं असतं, भांडली असती, तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे. पण तीही याच्याच हाताखाली गप्प राहायला शिकली होती. नऊ वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली, तेव्हा तो दवाखान्याच्या आवारात पिकअपमध्ये चार तास बसून होता. आत तिच्याजवळ माणसांची गर्दी नको, तिला शांतपणे पडू द्यावं, म्हणून. नंतर एका नर्सनं सहज सांगितलं की बाई शुद्धीवर आल्यापासून दाराकडे बघत होत्या. ऑरिनला वाटलं, तिला घरी जायची घाई झाली असेल.

तेराव्या मैलाला पाण्याचं शेवटचं टेबल होतं, आणि त्यावर व्हर्जिल श्मिट. त्याचं कुरण ऑरिनच्या कुरणाला लागून, आणि त्याची जीभ दोघांच्या वाटणीचं बोलायची. त्यानं मार्लिसला पाणी दिलं, मग काकडीच्या लोणच्याचं आंबट पाणी दिलं, पोटरीत गोळे येत नाहीत त्यानं. तोंड वाकडं करत ती ते प्याली आणि भांडं परत देऊन निघाली. पावणेदहा वाजले होते. अगदी वेळेवर. मग पिकअप रांगत आली तसा व्हर्जिल खिडकीशी गाडीबरोबर चालायला लागला.

"काय रे, लोकांच्या बायका नवऱ्यामागे झाडू घेऊन धावतात. तुझं सगळं उलटंच."

ऑरिननं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. आमच्याकडे हा नमस्कारही असतो आणि पुरे झालं असंही असतं.

व्हर्जिल चालतच राहिला. "जवळ जा की जरा," तो मग म्हणाला. "इतक्या लांबून काय राखण करतोयस?"

"दमलीय ती."

"म्हणून तर म्हणतोय."

ऑरिननं मान हलवली. व्हर्जिलला गुरांतलं कधीच कळलं नव्हतं. त्याच्या गाई दर वर्षी कुंपण मोडून याच्या कुरणात यायच्या. व्हर्जिल मागे राहिला, आणि पुन्हा रस्त्यावर ती तीस पावलं तेवढी उरली.

चौदाव्या मैलापासून गावातलं धान्याचं उंच कोठार दिसायला लागतं. सपाट मुलखाचा हा छळ आहे. जिथे पोचायचं ते बारा मैल आधी दिसतं आणि मग तासन् तास तेवढंच राहतं. मार्लिसची चाल तिथे पहिल्यांदा बिघडली. ती धावता धावता चालायला लागली, मग चार पावलं धावली, मग पुन्हा चालली. ऑरिननं पाय क्लचवर ठेवला आणि तीस पावलांची पस्तीस केली.

पंधराव्या मैलाची पाटी गेल्यावर टिकला राहवलं नाही. कुत्रं सकाळपासून कण्हत होतं, एवढ्या सावकाशीची त्याला सवय नव्हती. खिडकीची काच अर्धी खाली होती. त्यानं उडी मारली, धूळ उडवत पुढे गेलं आणि मार्लिसच्या डाव्या पायाशी दुडक्या चालीनं धावायला लागलं. मार्लिसनं खाली बघितलं. तिचा हात कुत्र्याच्या डोक्याकडे गेला, आणि आश्चर्य म्हणजे तिची चाल सुधारली. दोघं मिळून शंभरेक पावलं धावली. तिचे खांदे हलत होते. हसत असावी, किंवा कुत्र्याशी बोलत असावी.

ऑरिनला ते दिसलं. थकलेल्या जनावराजवळ कुत्रं जाऊ देणं हा त्याच्या लेखी गुन्हा होता. त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली, एक लांब, एक आखूड. टिक जागच्या जागी थांबलं. शिकवलेलं कुत्रं ते. एकदा मार्लिसकडे, एकदा गाडीकडे बघत ते परत आलं, शेपूट खाली घालून.

तेव्हा मार्लिसनं मागे वळून बघितलं. सव्वीस मैलांत ती तेवढी एकदाच वळली. थांबून, पूर्ण वळून, तिनं पिकअपच्या काचेतून ऑरिनकडे बघितलं. उन्हानं लाल झालेला चेहरा, कपाळाला चिकटलेले पांढरे केस. बराच वेळ बघत होती.

आणि ऑरिननं काय केलं? तो थांबला, आणि दुसरीकडे बघितलं. कुंपणापलीकडे गवताचे गोल गठ्ठे होते, ते मोजत बसला. अकरा होते. पुन्हा समोर बघितलं तेव्हा ती पुढे निघाली होती.

एकविसाव्या मैलाला रस्त्यात गुरं अडवायची लोखंडी जाळी आहे. खाली खड्डा, वर वीतभर अंतरानं आडवे नळ. गाड्या वरून जातात, गुरांची मात्र पाय टाकायची छाती होत नाही. शर्यतीसाठी डोना त्यावर फळ्या टाकून घेते. पण एक्क्याण्णव माणसांच्या पायांनी फळ्या सरकून एका कडेला खड्ड्यात पडल्या होत्या. मार्लिस जाळीशी आली, पाय उचलला आणि तशीच थिजली. पोटरीत गोळा आला होता. तिनं बाजूचा खांब धरला. पाय जमिनीला टेकवेना, उचलून नळावरही ठेववेना.

ऑरिननं गाडी थांबवली. बारा वाजायला आठ मिनिटं होती. गाडीच्या चालीप्रमाणे जाळी पावणेबाराला मागे पडायला हवी होती. नियमानं त्यानं आता तिच्या शेजारून जाळी ओलांडायची होती, खडखड आवाज करत, आणि पलीकडे दार उघडायचं होतं. कुणी नाव ठेवलं नसतं. डोनासुद्धा म्हणाली असती, बरंच झालं. मग मार्लिस आत बसली असती, दोघं गावात गेली असती, जत्रेच्या मैदानात बीफचे सँडविच खाल्ले असते आणि संध्याकाळी घरी आली असती. आणि पुन्हा हा विषय निघाला नसता. तिनं शब्द दिला होता आणि ती शब्दाची पक्की होती.

त्याचा हात गिअरवर होता. पुढे पाच मैलांवर कोठार तेवढंच उभं होतं. गाईला जाळी ओलांडता येत नाही, ती उभी राहते आणि मग परत फिरते, हे त्याच्या मनात आलं. फिर, असं तो मनात म्हणाला. एकदाच म्हणाला. मग त्याला तिची मान दिसली, कापलेल्या शर्टातून बाहेर आलेली, हाडं मोजता यावीत अशी. ती रडत होती. आवाज नव्हता, पण चव्वेचाळीस वर्षांत माणूस एवढं ओळखायला शिकतो.

खाली उतरून तिला धरावं, असं त्याला इतकं वाटलं की त्यानं दाराची कडीसुद्धा ओढली. पण धरलं तर नियमानं ती बाद. धरायचं म्हणजे तिचा उन्हाळा हिरावून घ्यायचा. न धरायचं म्हणजे ती उभी राहून रडतेय ते बघत बसायचं. दोन्हींतलं एकही त्याला करवेना, म्हणून जे येत होतं ते त्यानं केलं. इंजिन बंद केलं, म्हणजे मागून घाई आहे असं तिला वाटू नये. दार हळूच पुन्हा लावून घेतलं आणि बसून राहिला. टिकनं त्याच्या मांडीवर हनुवटी ठेवली. वारा नव्हता. लांब कुठेतरी एक गाय वासराला बोलवत होती.

सात मिनिटांनी मार्लिस खाली बसली. आता संपलं, असं ऑरिनला वाटलं, आणि आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. मग ती हातांवर आणि गुडघ्यांवर झाली, आणि एकेक नळ धरत, लहान मूल जिना चढतं तशी जाळीवरून रांगत पलीकडे गेली. खांब धरून उभी राहिली. गुडघ्यांची धूळ झटकली, आणि चालायला लागली.

 मग त्यानं गाडी सुरू केली. जाळीचा खडखडाट तिच्या कानाशी होऊ नये म्हणून ती चांगली शंभर पावलं पुढे जाईपर्यंत थांबला.

शेवटच्या पाच मैलांत सांगण्यासारखं काही नाही. ती चालत होती, तो मागे होता. एक वाजला तेव्हा दोन मैल राहिले होते. जत्रेच्या मैदानाच्या फाटकाशी वासरांचे चार ट्रक इंजिन चालू ठेवून उभे होते आणि चालक सावलीत तंबाखू चघळत होते. कुणी हॉर्न वाजवला नाही. झाडू अजून आला नव्हता.

एक वाजून बत्तीस मिनिटांनी मार्लिस रेघ ओलांडून गेली. डोनानं तिच्या गळ्यात पदक घातलं, घोड्याच्या नालाचं करतात तसलं. बाकीचे धावणारे केव्हाच आंघोळी करून निघून गेले होते. दहा-बारा गाववाल्यांनी टाळ्या वाजवल्या, पण दबकत, कारण टाळ्या कशाच्या पडतायत ते सगळ्यांना माहीत होतं. मग पिकअप आत आली. ट्रक एकामागून एक बाहेर पडले.

आर्दिसची पांढरी गाडी तंबूशेजारी लावलेली होती. मागच्या सीटवर मार्लिसच्या दोन पेट्या. आर्दिसनं ऑरिनला बघितलं आणि उगाच गाडीची काच पुसायला लागली.

मार्लिस पिकअपच्या फळीवर बसली, झाडूला टेकून.  ऑरिन खाली उतरला आणि तिच्यापासून जरा अंतरावर उभा राहिला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. ती त्यानं फळीवर ठेवली, तिचा हात पोचेल अशी.

तिनं बाटलीकडे बघितलं. "जाळीशी मला ओलांडून का नाही गेलास?"

"तू थांबली नव्हतीस," तो म्हणाला. "उभी होतीस नुसती."

"मी हरावं असं वाटलं नाही तुला?"

"वाटलं." मग म्हणाला, "एकदा वाटलं."

तिनं मान डोलावली. पाणी प्याली. "आणि शेजारी का नाही आलास? अख्ख्या वाटेत एकदाही."

ऑरिननं टोपी काढली, पुन्हा घातली. "दमलेल्याच्या अंगावर जाऊ नये," तो म्हणाला. "अंतर राखावं."

"राखलंस," मार्लिस म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं राखलंस, ऑरिन." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर त्याला काहीतरी धरायला मिळालं असतं. "उन्हाळ्यात पाणी तूच ठेवायचास, माहीत होतं मला. प्रत्येक खांबाशी पोचले की वाटायचं, आज बाटलीशेजारी तूही उभा असशील. आणि आज पंधराव्या मैलाला टिक आलं तेव्हा मला वाटलं, तूच पाठवलंस. आता मागून तू येशील. शेजारी येऊन नुसतं 'कशी आहेस' विचारलं असतंस ना, तरी मी गाडीत बसले असते. खरंच बसले असते. तू त्याला शीळ घातलीस."

ऑरिनचं तोंड उघडलं. आत शब्द होते, पण चव्वेचाळीस वर्षं न वापरलेल्या कुलपात किल्ली फिरत नाही तसं झालं. आता विचारू का, असंही त्याच्या मनात आलं. पण आता ती रेघ ओलांडून आली होती, आणि दिलेला शब्द तिला पाळायचा होता. ती फळीवरून सावकाश उतरली. उतरताना तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला. शर्यत संपली होती, आता आधार घ्यायला हरकत नव्हती. हात खांद्यावर गरजेपेक्षा थोडा जास्त राहिला. मग टिकच्या डोक्यावरून फिरला, आणि ती पांढऱ्या गाडीकडे लंगडत गेली. तो मागे गेला नाही.

झाडूच्या गाडीचं एक काम शेवटी उरतं. उलट जाऊन मैलांच्या पाट्या उपटून आणायच्या. डोना म्हणाली, उद्या आणू. ऑरिन म्हणाला, आजच आणतो. सव्वीस, पंचवीस, चोवीस. रस्त्यावर ट्रकची धूळ अजून बसली नव्हती. जाळीशी त्यानं पडलेल्या फळ्या वर काढल्या आणि नीट जागेवर बसवल्या, आता त्यांवरून कुणी जाणार नव्हतं तरी. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच.

पंधराची पाटी त्यानं उपटली आणि तिथेच उभा राहिला. दोन्ही बाजूंना कुठवर तरी रस्ता रिकामा. गवताचे अकरा गठ्ठे होते तिथेच होते. टिक खाली उतरून धुळीत वास घेत फिरत होतं, सकाळी ती दोघं धावली होती तेवढ्याच पट्ट्यात.

"कशी आहेस?" ऑरिन म्हणाला.

आवाज घोगरा आला, म्हणून त्यानं पुन्हा एकदा म्हणून बघितलं. फाटकाची कडी काढायलाही याहून जास्त वेळ लागतो. टिकनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. त्यानं पाटी मागे टाकली, झाडूशेजारी, आणि चौदाव्या मैलाकडे निघाला.